न चाखलेले सांबार

अप्पांना कुणी "छान झालंय" म्हटले की ते विचारायचे, "छान म्हणजे काय?"

त्यात राग नसे. त्यांना खरेच उत्तर हवे असे. मथळा छान असेल तर त्यात छान काय आहे, चहा छान असेल तर कशाने छान आहे, हे समोरच्याला सांगावे लागे. सांगता आले नाही तर अप्पा म्हणत, "मग 'प्यायलो' म्हण. छान कशाला म्हणतोस?"

आम्ही एका मराठी दैनिकात होतो. मी डेस्कवर आणि ते मुद्रितशोधन विभागात. त्यांचे टेबल जिन्याजवळ होते आणि डबे खाण्याची जागा त्याच्या मागे. डबा उघडण्याआधीच त्यात काय आहे ते अप्पा सांगत. "मेथी." "वांगं, आणि तळाला लागलंय." एकदा नवीन आलेल्या वार्ताहर मुलीच्या डब्याकडे न बघता ते म्हणाले, "कोलंबी. कालची आहे, खाऊ नकोस." मुलगी ओशाळली. इतर हसले. तरीही तिने डबा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही.

नाकाचा त्यांना अभिमान होता. तो ते लपवत नसत. चुकांच्या बाबतीत त्यांचे एक मत पक्के होते: "चूक दिसली की सांगायची. न सांगणारा माणूस चांगला नसतो, आळशी असतो." हे मत ते कुठेही अमलात आणत. छपाई विभागातला एक फोरमन वारला. शोकसभेत संपादक त्याच्या वक्तशीरपणाबद्दल बोलू लागले. मागच्या रांगेतून अप्पा उभे राहिले. "ते रोज उशिरा यायचे," ते म्हणाले. "बाकी माणूस चांगला होता." पुढे बसलेली फोरमनची बायको तेवढी पदराआड हसली.

पुढे मुद्रितशोधन विभागच बंद झाला. शाल-श्रीफळ देताना व्यवस्थापकांनी या मंडळींना संस्थेचा कणा म्हटले. अप्पांनी विचारले, "मग काढताय कशाला?" ते नारळ घेऊन लालबागला चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत परत आले आणि त्याच नारळाच्या वड्या करून चाळीत विकल्या. वाटल्या नाहीत, विकल्या. त्या पैशांतून त्यांनी परळच्या हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या एका कुटुंबाला चटई आणि झाकणाची बादली घेऊन दिली. सुरुवात अशी झाली.

अप्पांनी लग्न केले नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या आईचे, ती जाईपर्यंत, ते बरीच वर्षे करत होते आणि तिने पडल्या पडल्या त्यांना स्वयंपाक शिकवला होता. मूळ मालवणकडचे घर. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळ्या ही तिची खासियत. चाळीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीचा मालक विरारला राहायला गेला होता आणि खोलीला कुलूप होते. अप्पांनी ती भाड्याने घेतली. परळच्या हॉस्पिटलांत बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना ते तिथे राहायला देत. एका वेळी एक कुटुंब, उपचार संपेपर्यंत. राहणाऱ्यांकडून काही घेत नसत. भाडे रविवारच्या सांबार-आंबोळ्यांतून निघे. स्वतःची पेन्शन औषधाला आणि पेजेला पुरेल एवढीच होती.

हे का करता, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "खोली रिकामी होती आणि फुटपाथ भरलेला होता." त्यापुढे त्यांना विषय वाढवायचा नव्हता.

विक्रीचे नियम कडक होते. भांडे आपले आणायचे आणि त्याला झाकण हवे. उधार नाही, आणि वर पैसे ठेवायचे नाहीत. गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमधली एक बाई एकदा गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून आली. तिने मोठी नोट पुढे केली आणि म्हणाली, "राहू दे काका, चांगल्या कामासाठी आहे ना."

"सुट्टे नसतील तर आंबोळ्या जास्त घ्या."

"अहो, डोनेशन समजा."

"डोनेशन घ्यायला समोर देऊळ आहे. इथे आंबोळ्या मिळतात."

बाईने आंबोळ्या घेतल्या. पुढच्या रविवारी ती सुट्टे घेऊन आली. त्या दिवसांत सांबारच तसे होते. नारळ खरपूस भाजलेला, वाटाणा मऊ पण फुटलेला नाही, आणि तोंडात शेवटपर्यंत रेंगाळणारा मसाल्याचा गोडसर तिखटपणा. मी परळहून डबा घेऊन चालत जात असे. "छान" म्हणायची सोय नसल्यामुळे मला हे सगळे शब्दांत सांगावे लागे. अप्पा ऐकून घेत आणि म्हणत, "नारळ अजून एक मिनिट ठेवायला हवा होता."

त्यांचा सर्वांत चमत्कारिक नियम त्यांच्या स्वतःसाठी होता. ते सांबार चाखत नसत. दुसऱ्याच्या ताटात जायचे ते आधी आपल्या जिभेला लावायचे नाही, अशी आईची शिस्त होती. नैवेद्याच्या स्वयंपाकाला अनेक घरांत ती पाळतात. अप्पा देवळात जात नसत, तरी रविवारच्या पातेल्याला त्यांनी ती लागू केली होती. मीठ ते वासावरून ठरवत. झाकण काढायचे, वाफ नाकावर घ्यायची, क्षणभर थांबायचे आणि मग चिमूट टाकायची किंवा नाही टाकायची. मीठ वासाला कळते की नाही यावर ऑफिसात वाद झाले होते. अप्पांना कळत होते एवढे खरे. विकून उरलेलेही ते खात नसत. ते शेजारच्या वहिनींकडे जाई. अप्पा स्वतः बारा महिने पेज आणि भाजलेला पापड खात.

साथीच्या दुसऱ्या लाटेत अप्पांना ताप आला. आठवडाभर खोलीचे दार बंद होते. वहिनी उंबऱ्यावर पेज ठेवत. अप्पा त्यातून उठले, अशक्त झाले, काठी घेऊन चालू लागले. तळमजल्याची खोली त्या काळातही भरलेली होती, कारण आजार थांबले नव्हते. बाहेर वावरायची मोकळीक मिळताच अप्पांनी पातेले चढवले.

त्या रविवारी सांबारात मीठच नव्हते. पुढच्या रविवारी इतके होते की घास गिळवत नव्हता. त्यानंतर आंबोळ्यांचे पीठ जास्त आंबू लागले, कारण पीठ कधी झाले हेही ते वासावरून ठरवत. एकदा नारळ खवट होता. बाटलीभर तेल खराब झालेले होते ते त्यांना कळले नाही.

वहिनींनी त्यांना आडून विचारले, "अप्पा, तापानंतर वासबीस येतो ना नीट? आमच्या भावाचा गेला होता."

"थोडा कमी येतो," अप्पा म्हणाले. "पण हाताला माहीत आहे."

वहिनी घरी आल्या आणि त्यांनी सांबारातले वाटाणे धुऊन, बटाटा घालून पुन्हा शिजवले. तेव्हा तळमजल्यावर जळगावकडची एक आई होती. तिच्या मुलाला रोज रेडिएशनचा शेक द्यायला नेत. सांबार विकले गेले नाही तर भाडे निघणार नाही आणि भाडे निघाले नाही तर ती आई मुलाला घेऊन रस्त्यावर जाईल, हे चाळीत सगळ्यांना माहीत होते. कुणी बैठक घेतली नाही की काही ठरवले नाही. पुढच्या रविवारी सगळे डबे घेऊन आले.

टॉवरमधली गिऱ्हाइके हळूहळू कमी झाली. तेवढी भर चाळीने घातली. ज्या घरी पूर्वी एक वाटी जाई तिथे दोन जाऊ लागल्या. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले तर अप्पांना दिसेल, म्हणून लोक सांबार पिशवीत घालून रस्त्यापलीकडच्या पालिकेच्या कचरापेटीत नेऊन टाकत. चाळीच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी स्कूटरवरून जाताना दोन-तीन घरांच्या पिशव्या घेऊन जाई. "आपली संडे पार्सल सर्व्हिस," तो म्हणायचा.

अडचण अप्पांच्या प्रश्नाची होती. "छान म्हणजे काय?" ते आधीसारखेच विचारत. त्यामुळे लोकांना तपशीलवार खोटे बोलावे लागे. "वाटाणा काय मऊ शिजलाय अप्पा." "या वेळी मसाला जरा वेगळा वाटला, गोवेकरी." सेक्रेटरीने एकदा आंबोळीच्या जाळीचे वर्णन केले, त्याने ती उलगडूनही पाहिली नव्हती. मीही वर्णने करत असे. आमच्या पेशामुळे माझी वर्णने जास्त खरी वाटत असावीत, कारण माझे बोलणे संपल्यावर अप्पा समाधानाने मान हलवत.

त्या काळातले त्यांचे एक वाक्य माझ्या लक्षात आहे. "तापानंतर खप वाढला," ते म्हणाले होते. "आई म्हणायची, हात बसायला एक वय जावं लागतं."

असे दोन वर्षांहून जास्त चालले.

जळगावची आई मुलाला घेऊन परत गेली. तिच्यानंतर आणखी काही कुटुंबे आली आणि गेली. मग मंगळवेढ्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्याच्या घशाला गाठ होती. तो नळीवाटे पातळ अन्न घेई आणि पाटीवर लिहून बोले. बाई चाळिशीची, शेतमजुरी करणारी. आल्यापासून तिने चाळीचा जिना झाडायला घेतला होता. नको म्हटले तरी झाडायची. एका रविवारी ती आपले छोटे पातेले घेऊन रांगेत उभी राहिली.

अप्पा म्हणाले, "तुम्हाला घ्यायची गरज नाही."

"फुकट न्हाई मागत. पैसं हायेत," ती म्हणाली. "सगळ्यांनी घ्यायचं, मी तेवढं न्हाई व्हय?"

अप्पांना ते आवडले. त्यांनी तिला इतरांइतकेच दिले आणि इतरांइतकेच पैसे घेतले. रांग अजून संपली नव्हती तेवढ्यात ती जिना चढून परत आली. मी तिथेच होतो. वहिनी होत्या, सेक्रेटरी होता, आणखी काही जण हातात डबे घेऊन उभे होते.

"अप्पा, राग मानू नगा," ती म्हणाली. "लई खारट झालंय बगा. तोंडात धरवंना. मला वाटलं पुढच्यांना द्यायच्या आदी सांगावं."

"कसं होईल?" अप्पा म्हणाले.

"जास्तीचं मीठ पडलं आसंल. व्हतंय की. बटाटा टाका चार, उतरंल."

अप्पांनी पळी पातेल्यात ठेवली. वाफेवर वाकले, नेहमीसारखे थांबले. मग सरळ झाले आणि रांगेकडे बघितले.

"वहिनी, मागच्या रविवारचं कसं होतं?"

"चांगलं होतं की."

"चांगलं म्हणजे काय?"

वहिनींनी डब्याचे झाकण घट्ट केले. "अप्पा, जाऊ दे ना आता."

"कधीपासून?"

अप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितले. माझ्याकडेही. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, "टेन्शन नका घेऊ ओ अप्पा. मीठच जास्त झालं ना, काय मर्डर नाय झाला."

तेव्हा अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा रविवारच्या पातेल्यातली पळी तोंडाला लावली. आम्ही बघत होतो. त्यांनी तो घोट तोंडात फिरवला, गिळला. पुन्हा एक घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. त्यांना कसलीच चव लागली नव्हती.

त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले आणि दार लावले.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी त्यांना राजी केले. पातेले अप्पांनी चढवायचे, चाखायचे वहिनींनी. अप्पा तयार झाले. त्या रविवारचे सांबार पूर्वीसारखे झाले होते. मी डबा उघडून तिथेच खाल्ले आणि सांगितले की नारळ बरोबर भाजलाय, मीठ जागेवर आहे, वाटाणा अख्खा राहिलाय. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

अप्पांनी ऐकून घेतले. "मागच्या महिन्यातही तू हेच म्हणाला होतास," ते म्हणाले.

मी म्हणालो, "आज खरंच झालंय."

"असेल. मला कसं कळणार?"

त्यांनी गॅस बंद केला. तो शेवटचा रविवार. संध्याकाळी सेक्रेटरी वर आला. तो मनापासून आला होता. "अप्पा, सोपं आहे. वर्गणी काढतो. गणपतीला काढतो, ह्याला का नाय? खोली चालू राहील, तुम्ही आराम करा."

"ही खोली माझ्या हातच्या खाण्यावर चालते, असं मी तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय," अप्पा म्हणाले. "कुणाच्या दयेवर नाही. म्हणून ती माणसं मान वर करून राहिली."

"मग दोन वर्षं काय चाललं होतं?" सेक्रेटरी बोलून गेला.

आपण काय बोललो ते बोलल्यावर त्यालाही कळले. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. तो चप्पल घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी विरार गाठले आणि महिनाअखेर खोली सोडत असल्याचे मालकाला सांगितले. चाळीला हे कळेपर्यंत एका कुरिअरवाल्याने पार्सले ठेवायला ती खोली घेतलीही होती. वहिनी अप्पांच्या दारात उभ्या राहून त्यांच्यावर ओरडल्या. आवाज गॅलरीभर ऐकू येत होता. "तत्त्व घेऊन बसा तुम्ही. ती बाई आजारी नवऱ्याला घेऊन फुटपाथवर झोपू दे. आम्ही खोटं बोललो ते कुणासाठी?"

"मला तुमच्यातल्या कुणाचंच आता खरं वाटत नाही," अप्पा म्हणाले. "त्याला मी काय करू, वहिनी?"

त्यांनी मंगळवेढ्याच्या बाईला आपली खोली देऊ केली. स्वतः गॅलरीत झोपतो म्हणाले. तिने ऐकले नाही. "तुमचं रांधणं मी बंद पाडलं. आता घर बी घिऊ?" ती म्हणाली. मग ती रडू लागली. "मी गप बसले आसते तर खोली ऱ्हायली आसती."

"तू एकटीनेच खरं सांगितलंस," अप्पा म्हणाले.

"त्येचं काय करू मी?"

तिच्या नवऱ्याने पाटीवर काही लिहिले आणि ती अप्पांपुढे धरली. त्यावर लिहिले होते, "रडू नको म्हणा तिला."

धर्मशाळेत त्यांचा नंबर लागला नाही. ती दोघे हॉस्पिटलच्या भिंतीलगत निळे प्लास्टिक बांधून राहू लागली. अप्पा रोज काठी टेकत लालबागहून परळला जात. औषधाच्या खिडकीशी तिच्यासाठी रांगेत उभे राहत, केसपेपर वाचून दाखवत, नवऱ्याला शेक द्यायला आत नेले की सामानापाशी बसत. चाळीत ते कुणाशी फारसे बोलत नसत. "छान म्हणजे काय" हा प्रश्न त्यांनी विचारायचे सोडले होते. सांगणाऱ्याने काहीही सांगितले तरी ते "बरं" म्हणत.

एका दुपारी मी हॉस्पिटलवरून जात होतो. अप्पा फुटपाथवर गोणपाटावर बसले होते. नवरा भिंतीला टेकून झोपला होता. बाईने विटांमध्ये स्टोव्ह पेटवून भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी केली होती. तिने मलाही बसवले आणि दोघांना कागदी ताटांत वाढले. आधी अप्पांना. त्यांनी दोन घास खाल्ले.

"मीठ बराबर हाय का, अप्पा?" तिने विचारले. ती चेष्टा करत नव्हती. जेवू घालणारी बाई सवयीने विचारते, तसे विचारले होते.

अप्पांनी तिच्याकडे बघितले, मग ताटाकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "शेंगा कोवळ्या आहेत. फोडणी जमलीय."

ती खूश झाली. मग तिने स्वतःसाठी वाढून घेतले, भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तोंडात घातला आणि चावता चावता थांबली. तिने अप्पांकडे पाहिले. ते खाली मान घालून जेवत होते. तिने तो घास गिळला आणि काही न बोलता पुढचा तुकडा मोडला.

मीही घास घेतला. भाजीत मीठ घालायचे राहिले होते.